आधी त्याची बाजू

आमच्या अभ्यासवर्गाचा एकच नियम होता आणि त्या नियमाने आम्हाला पार मेटाकुटीला आणलं होतं. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तेही असं, की त्याने स्वतः मान डोलावून ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं सांगायला हवं. ती मान हलेपर्यंत विरोधाचा एक शब्द काढायचा नाही.

वर्ग दर रविवारी सकाळी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे जुन्या राजांच्या समाध्यांजवळ, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. मध्य प्रदेश अजून नवाच होता. मी एकोणीस वर्षांची, शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होते. आमच्या घरात दोन पिढ्या दरबारी नोकरीत गेलेल्या, आणि मी निघाले कम्युनिझम शिकायला. नाना, म्हणजे माझे वडील, रागावले नाहीत. मी घरी परतले की पोह्यांची बशी पुढे सरकवत ते एवढंच विचारायचे, “आज कोणाला उलथवून आलीस?”

वर्ग चालवणारे दोघे होते. मास्तर महूचे, बौद्ध घरातले, वडील पलटणीत होते, आणि स्वतः शाळेत गणित शिकवायचे. दुसरा भिया. तो कपड्याच्या मिलमध्ये विणकर होता आणि मानपूरच्या पुढच्या एका खेड्यातून आला होता. बाईमाणसासकट सगळ्यांनाच तो ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायचा, म्हणून आम्हीही त्याला भियाच म्हणत असू. दोघांची दहा वर्षांची दोस्ती होती. एकाच्या डब्यातली शेव दुसरा न विचारता खायचा.

मला तोवर वाटायचं, लाल झेंडा म्हणजे एकच विचार. छे! पहिल्याच महिन्यात माझी झोप उडाली. जायचं सगळ्यांना एकाच ठिकाणी होतं. जमीन आणि कारखाने सगळ्यांचे व्हावेत, मालक आणि मजूर हा भेदच मिटावा, आणि शेवटी सरकार नावाच्या दांडक्याची गरजच उरू नये. भांडण सगळं रस्त्याचं. काही म्हणायचे, सरकार आजच मोडा, नाहीतर त्या खुर्चीवर बसलेला मजूरही उद्या साहेब होईल. त्यांना उत्तर असं, की सत्ता मजुरांच्या हातात काही काळ तरी नसेल तर जुने मालक संध्याकाळच्या आत परत येतील. कोणी म्हणे, मतपेटीतून हळूहळू जाऊ. कोणी म्हणे, शिस्तीच्या, कडव्या कार्यकर्त्यांचा पक्षच पुढे हवा. त्यावर तिसरा उसळायचा, की पक्ष कोण लागून गेला? मिलमधल्या मजुरांनी आपल्यातली पंचायत निवडून मिल स्वतःच चालवावी. एका देशात आधी घडी बसवा म्हणणारे होते, आणि जगभर एकदम पेटलं नाही तर एकटा देश कुजून जाईल म्हणणारेही होते.

मला तर सगळंच पटायचं! दर रविवारी मी नव्या शाखेची होऊन जिना उतरायची. राजवाड्यापर्यंत पाय जमिनीला लागायचे नाहीत. नाना विचारायचे, “या आठवड्यात सरकार आहे की मोडलं?” आणि मी पोहे तसेच ठेवून त्यांना तासभर समजावत बसायची. आपलं डोकं एवढं चालतं, हे मला त्या खोलीने पहिल्यांदा दाखवलं. ती खोली गेली तर माझ्याजवळ उरणार काय? पाढे आणि पाककृती.

आणि नेमकी ती खोलीच जायची वेळ आली. देशातला पक्ष फुटला. एक गट म्हणे, देशातल्या मालकांमध्येही काही पुढारलेले आहेत, त्यांना बरोबर घेऊन परदेशी भांडवल आणि जुने जमीनदार यांच्याशी आधी लढू. रशियाही तेच सांगतो, अणुबॉम्बच्या जगात शांततेनेच पुढे जाता येईल. दुसरा गट म्हणे, हे सरकारच मालक आणि जमीनदारांचं आहे, त्याच्याशी कसली सोयरीक? रशिया मऊ पडलाय. चीनकडे बघा, तिथे खेड्यातला शेतकरी उठला म्हणून क्रांती झाली. मास्तर पहिल्या गटात राहिले. भिया दुसरीकडे गेला, आणि चीनच्या बाबतीत तर आपल्या गटाच्याही दोन पावलं पुढे.

आता वर्गात नियमाची गंमत सुरू झाली. मास्तरांनी भियाची बाजू मांडली, की भिया हात वर करायचा. “नहीं मास्तरजी, अधूरा है.” भियाने मास्तरांची मांडली, की मास्तर चष्मा पुसत म्हणायचे, “हे माझं नाही. हे माझं व्यंगचित्र आहे.” मान काही हलेना आणि मान हलल्याशिवाय विरोध करायची सोय नाही. ओळीने चार रविवार आम्ही नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलो. दुसऱ्या कुठल्या वर्गात लोक सरळ भांडून मोकळे झाले असते. आमचे हे दोन शहाणे नियम मोडायला तयार नव्हते.

चौथ्या रविवारी शिंपी स्वतः वर आला. “देखो भिया, ऊपर या तो क्लास चलेगी या मेरी दूसरी मशीन. ये चुप बैठने के वास्ते कमरा नहीं दिया मैंने. अगले इतवार तक देख लो.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या रविवारी मी मांडते. दोघांचंही.”

सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. “मांड,” ते म्हणाले. “पण मी मान फुकट हलवणार नाही.”

तो आठवडा मी हवेत होते. लसूण सोलताना मी रशिया, कपडे वाळत घालताना चीन. बुधवारी नानांसमोर रंगीत तालीम केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “पुस्तकात लिहिलेलं समजलं. पण तुझ्या मास्तरांना हेच का पटलं? दुसरं का नाही?”

दोन वर्षांत एवढं साधं आम्ही कोणी विचारलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मास्तरांची शाळा गाठली आणि पाळी सुटायच्या वेळी मिलचं फाटक. दोघांनाही नानांचाच प्रश्न विचारला.

रविवारी खोली गच्च भरली होती. मी उभी राहिले. आधी मास्तरांची बाजू घेतली. म्हटलं, पहिल्या निवडणुकीत मास्तरांची आई मत द्यायला गेली. ज्या घरच्या विहिरीवर तिला कधी पाणी भरू दिलं नव्हतं, त्या घरची मालकीण रांगेत तिच्या मागे उभी होती. मागे! आईने बोटावरची शाई आठवडाभर जपली. ज्याने हे पाहिलंय, तो मतपेटीला धूळफेक कसं म्हणेल? थोडे भले मालक बरोबर, थोडे कायदे, थोडी घाई कमी, असा रस्ता त्याला भित्रेपणाचा वाटत नाही. आईच्या हाती आलेलं पुन्हा निसटू नये, एवढंच त्याला हवंय.

मग भियाची. म्हटलं, त्याच निवडणुकीत भियाच्या गावची मतपेटी जमीनदाराच्या ओसरीवर ठेवली होती. कसेल त्याची जमीन, असा कायदा आला, तेव्हा जमीनदाराने रातोरात जमीन भाच्या-पुतण्यांच्या नावावर केली. भियाचे भाऊ आजही तिथेच राबतात. कायदा आला, मत आलं, ओसरी तीच राहिली. शहरातल्या मिलमध्ये कितीही संप करा, ती ओसरी हलत नाही. ती हलवायची तर गावानेच उठायला हवं, आणि ओसरीवाल्याच्या मित्रांशी दोस्ती करून ते होणार नाही.

मी आधी भियाकडे वळले.

“हां,” भिया म्हणाला. “येईच है मेरी बात.” आणि त्याने मान हलवली.

मास्तरांनी चष्मा काढला. “हो. हेच माझं म्हणणं.”

वर्ग वाचला! आणि मग काय भांडले दोघे! पाच आठवड्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. भिया टेबलावर थापट्या मारतोय, मास्तर भिंतीवर खडूने आकृत्या काढतायत, आम्ही मध्येमध्ये ओरडतोय. असा वर्ग कधी झाला नव्हता. दुपारी मिलचा भोंगा वाजला तेव्हा सगळ्यांचे घसे बसले होते.

जिन्यावर भिया थांबला. “मास्तरजी, अब तक लगता था, तुम मेरी बात समझे नहीं. आज साफ हो गया. समझ के भी तुम उधर ही हो.”

“मलाही आजच कळलं,” मास्तर म्हणाले. “आता बरोबर चालता येणार नाही.”

दोघांनी हात मिळवले. भियाने खाली जाऊन शिंप्याला सांगितलं, मशीन वर चढवून घे.

मला असा संताप आला! पायऱ्यांवर बसून मी ढसाढसा रडले. न समजल्यामुळेच माणसं तुटतात, अशी माझी खात्री होती. हे दोघे माझ्याच तोंडून एकमेकांना नीट समजले आणि वेगळे झाले. घरी नानांनी त्या दिवशी काही विचारलं नाही.

नंतर काही वर्षांनी मिलच्या भागात मास्तरांच्या पक्षाची सभा होती. भिया तोवर मानपूरकडे आपल्या गावी निघून गेला होता. मी शाळेत शिकवू लागले होते, सभेला सहज गेले. एक तरणाबांड वक्ता दुसऱ्या गटाची टिंगल करत होता आणि टाळ्या पडत होत्या. मास्तर उठले आणि त्यांनी त्याच्या हातून माइक घेतला.

“थांबा,” ते म्हणाले. “आधी त्यांची बाजू.”

आणि त्यांनी ती ओसरी सांगितली. मतपेटी, भाचे-पुतणे, राबणारे भाऊ, सगळं, काहीही न गाळता. सांगून झाल्यावर ते गप्प झाले. लोकांना वाटलं, विसरले. मास्तर डाव्या बाजूला, वर्गात भिया ज्या बाजूला बसायचा तिकडे बघत उभे होते. मान हलल्याशिवाय त्यांना पुढे बोलता येईना.

मी गर्दीतून वाट काढत डावीकडे गेले, त्यांना दिसेन अशी उभी राहिले आणि मान हलवली.