शनिवारी आलेली पाण्याची पाळी

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत, दवनीवाड्याजवळच्या तलावाचं पाणी आमच्या गणिताच्या सरांच्या शेताला लागून पाटाने वाहत होतं. पाळी सरांची होती. पावसाने तीन आठवडे तोंड दाखवलं नव्हतं आणि धान निसवण्याच्या, लोंब्या बाहेर पडण्याच्या, बेतात होतं. सर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी फावड्याला हात लावला नाही. इथवर कोणाचंही दुमत नाही.

गोंदिया जिल्ह्यात ज्यू धर्म पाळणारा माणूस एकच आहे असं मी खात्रीने लिहू शकत नाही, पण एकट्याने इतका धर्म पाळणारा दुसरा नसावा. सर मूळचे रायगडकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सर इकडे शिक्षक म्हणून आले, आमगावला तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर तीन बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, घेऊन दवनीवाड्याला राहिले. पत्नी गेली, मुलगी ठाण्याला स्थायिक झाली. सरांना आणि देवाला एकमेकांसाठी भरपूर वेळ मिळू लागला.

देव एक आहे आणि त्याला रूप नाही, हे ते सकाळ-संध्याकाळ म्हणत. बाकी दिवसभर आभार मानण्याचं काम चाले. पाणी पिताना एक प्रार्थना, फळ खाताना दुसरी, वीज चमकली की तिसरी, संडासातून बाहेर आल्यावर चौथी. शरीरातली दारं वेळेवर उघडतात-मिटतात याबद्दल. ही चौथी सर्वात मनापासून म्हणावी असं त्यांचं वयपरत्वे मत झालं होतं. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून गेली की ते पोथ्या चाळत. विमानासाठी प्रार्थना सापडली नाही, तेव्हा ते सुखरूप पुढे गेल्यावर आकाशाकडे बघून मान हलवायची, असा त्यांनी तात्पुरता निर्णय घेतला. बाजारात मासा घेताना धर्माच्या नियमाप्रमाणे खवले आणि पर दोन्ही आहेत का ते तपासत. मांगूर परत, झिंगे परत. मासेवाली एकदा म्हणाली, "गुरुजी, मासा खाऊन राहिले का पेपर तपासून राहिले?"

त्यांच्याकडे धर्माचा अभ्यास जोडीने, वाद घालत करायची रीत. जोडीदार नसल्यामुळे सर दोन्ही बाजू स्वतःच मांडत, आणि श्रोते असत सेवकभाऊ. सेवकभाऊ शेजारचे पवार शेतकरी. गावचा तलाव त्यांच्या पणजोबांनी खोदवलेला. सरांनी त्यांना सांगितलं होतं की ज्यूंना सहाशे तेरा आज्ञा आहेत आणि बाकी जगाला सात पुरतात.

"आमाले सात अन् तुमाले सहाशे तेरा?" सेवकभाऊंनी विचारलं. "तुमचा काही गुन्हा होता का गुरुजी?"

"देवाने आम्हाला निवडलं होतं."

"मंग फायदा काय झाला?"

"वर्गात मॉनिटर निवडतात ना, तसं. मार्क वाढत नाहीत. फळा पुसावा लागतो."

सेवकभाऊंनी यावर बिडी संपेपर्यंत विचार केला. "मंग या फळ्याबद्दल देवाचं पक्कं म्हणणं काय?"

"त्यावर दोन मतं आहेत."

"तीन हजार वर्सं झाले न गुरुजी!"

अशा माणसाची पाळी मुळात रविवारी होती. शुक्रवारी तलावाची पातळी उतरली म्हणून पाणी वापर समितीने रात्री वेळापत्रक एक दिवस अलीकडे ओढलं. सचिवांनी फोन केला. सरांचा फोन शब्बाथच्या विश्रांतीसाठी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून बंद होऊन कपाटात होता. त्यामुळे बातमी शनिवारी सकाळी दहा वाजता सेवकभाऊंच्या तोंडून कळली.

"गुरुजी, आज तुमची पाळी. चला, पाट फोडा."

"आज शब्बाथ आहे, सेवकभाऊ."

"मले मालूम आहे. पाण्याले नाही मालूम."

दुष्काळी स्थितीची बातमी करायला मी त्याच भागात होतो. पावणेबारापासून मी तिथे हजर होतो. सरांच्या दृष्टीने प्रश्न फक्त धानाचा नव्हता. मुलगी त्यांना वर्षभर ठाण्याला बोलावत होती, आणि त्यांनी तिला शब्द दिला होता: या हंगामाचं पीक घरात आलं तर इथेच राहीन, नाही आलं तर येईन. सेवकभाऊंना हे माहीत होतं.

अडचण अशी की शब्बाथला स्वतः काम करायचं नाही, तसं दुसऱ्यालाही सांगायचं नाही. समोरच्याला आपण होऊन उमगेल असं काही बोलणं कसंबसं चालतं, असा सरांचा अभ्यास होता. मात्र आमच्या भागात सूचक बोलण्याची प्रथा नाही.

"पाणी काय छान वाहतंय," सर म्हणाले.

"हो न."

"आणि धान किती तहानलंय."

"तहानलं आहेच. मंग?"

"काही नाही. मी आपला बघतोय."

"पाहून काऊन राहिले? सीधं सांगा न, पाणी लावू का?"

"मला हो म्हणता येणार नाही."

"कोनं मनाई केली?"

सरांनी बोट वर केलं.

"त्याले मी समजावतो. तुमी फकत हो म्हना." मग सेवकभाऊंना एकदम आठवलं. "जीव वाचवायले शनिवार मोडता येते, तुमीच सांगितलं होतं! धानाले जीव नाही का?"

सरांचा चेहरा उजळला. इतका चांगला प्रश्न त्यांना तीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्यांनी माणसाचा जीव, बैलाचा जीव आणि रोपाचा जीव यांतला फरक सांगायला घेतला, मग स्वतःलाच आडवे प्रश्न विचारले, मग त्यांची उत्तरं खोडली. माझ्या घड्याळाप्रमाणे यात पन्नास मिनिटं गेली. पाणी पुढच्या शिवारात जात होतं.

एक वाजता सेवकभाऊंच्या पत्नी, अनुसयाबाई, डबा घेऊन आल्या. सर पुन्हा पाटाकडे बघून म्हणाले, "धान फार तहानलंय हो." बाईंनी डबा खाली ठेवला, फावडं उचललं आणि पाटाच्या कडेची माती फोडली. पाणी पहिल्या बांधीत शिरलं.

"तुले कोनं सांगितलं?" सेवकभाऊ ओरडले.

"सांगाव कायले लागते? मानसाचं तोंड पाहून समजत नाही का?" बाई म्हणाल्या. "पंचवीस वर्सं झाले लग्नाले. मी काय म्हणून राहिली, थे तुमाले कवा समजलं?"

सरांनी बाईंचे आभार मानले नाहीत. आभार मानणं म्हणजे काम सांगितल्याची कबुली. संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसून शब्बाथ संपल्यावर ते सेवकभाऊंच्या घरी गेले आणि दारात उभं राहून दोनदा मानले.

तीन वाजता पाळी संपली तेव्हा पहिली बांधी भरली होती, दुसरी अर्धी. तिसरी कोरडी राहिली. नोव्हेंबरात कापणी झाली. मुलीने फोनवर विचारलं, "पीक आलं का?" सर म्हणाले, यावर दोन मतं आहेत. मुलगी त्यांचीच. ती म्हणाली, तिचं तिसरं आहे, सामान बांधा.

डिसेंबरात, एका मंगळवारी, ते गोंदिया स्टेशनवरून निघाले. सेवकभाऊ आणि अनुसयाबाई नव्या तांदळाचं पोतं घेऊन आले होते. ठाण्यात प्रार्थनेला लागणारी दहा माणसं रोज जमतात, वाद घालायला सोबत मिळेल, असं सर सांगत होते. सेवकभाऊ रुळांकडे बघत उभे होते.

"औंदा थंडी चांगली पडून राहिली," ते म्हणाले.

"हो," सर म्हणाले.

"पुढच्या साली तलावही भरंल."

"भरेल."

"आमच्याकडची हवा कशी मोकळी आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. अनुसयाबाईंनी नवऱ्याच्या हातातलं पोतं घेतलं आणि डब्यात चढवलं. गाडी वेळेवर सुटली.

सरांच्या तिन्ही बांध्या यंदा सेवकभाऊ कसतात. समितीने जूनमध्ये लावलेल्या पाळ्यांच्या यादीत त्यांच्या स्वतःच्या शेताला शनिवार आहे. या तीन बांध्यांना, त्यांनी दिलेल्या अर्जावरून, सोमवार दिला आहे; एक दिवस अलीकडे ओढला तरी शनिवार येत नाही.