चौघांना एकच खोली

आधीच सांगून ठेवतो, भूत, चेटूक, बाहेरचं-बिहेरचं यावर माझा काडीचा विश्वास नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव, दृष्टीची बाहुली आणि भुतं, सगळ्यांना एकाच पोत्यात भरून वर्धा नदीत सोडलं, असं आमच्याकडे सांगतात. (म्हणजे मीच सांगतो. पण पोतं खरं आहे.) राजुऱ्यात माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. तिथं येऊन बसणाऱ्या कोणालाही विचारा, ते म्हणतील या माणसाच्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या. वाघ माझ्या गाडीच्या बोनेटवर बसला आणि हॉर्न वाजवूनही उठला नाही, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती मला स्वतःलाच आठवते. मे महिन्यात आमच्या कोंबड्या उकडलेली अंडी देतात, हे मी पुतण्यांना विज्ञान म्हणून शिकवलं आहे.

पण खाली लिहितो आहे त्याला तिखट-मीठ लावलेलं नाही. हात शिवशिवतो आहे... पण नाही.

माझा धाकटा भाऊ विलास कोळशाच्या खाणीत आहे. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. त्याची बायको सुनंदा अंगणवाडीत सेविका होती. गावातली अर्धी पोरं तिच्या मांडीवर बसून अ-आ-ई शिकली. मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला, मलेरिया निघाला, तो डोक्यात गेला आणि... गेली. चार लेकरं मागे. मोठी प्रज्ञा, मधले दोघे सम्यक आणि संघर्ष, आणि शेंडेफळ चिऊ. चिऊ तेव्हा नुकती चार वर्षांची झाली होती. आई गेल्यापासून ती तिघा भावंडांना चिकटूनच झोपायची. मधून एकजण उठला तरी जागी.

वर्षभर कसंबसं ढकललं. मग विलासनं ठरवलं. प्रज्ञा वसतिगृहात, दोघं पोरं वर्ध्याला मामाकडे, आणि चिऊ आमच्याकडे. आमचा एकुलता एक नागपूरला शिकतो, घर रिकामंच. माझ्या बायकोनं तर चिऊसाठी फ्रॉकसुद्धा आणून ठेवले होते, गुपचूप. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. रातपाळीला बाप गेल्यावर चार लेकरं कोणाच्या भरवशावर सोडायची?

लेकरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळा उघडायच्या आधी त्यांना कुठंतरी फिरवून आणायचं आणि तिथं, चांगल्या जागी, हसत-खेळत सांगायचं, असं ठरलं. जागा शोधायचं काम माझ्याकडे. बायकोनं अट घातली, "चारही लेकरं एकाच खोलीत झोपली पाहिजे. मंग पुढं झोपतीन का नाई एका जागी, कोणाले माहीत."

आता तुम्ही कधी चार लेकरं घेऊन हॉटेल शोधलं आहे का? नका शोधू. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाला जागा मिळते, चार लेकरांना मिळत नाही. फोन केला की एक गोड आवाजाची पोरगी विचारायची, "सर, किती ॲडल्ट, किती चाइल्ड?" चार म्हटलं की तिकडे फोन गार. "सर, पॉलिसी आहे. एका रूममधे एकच चाइल्ड." एकीला मी म्हटलं, "बाई, चारही मिळून वजनाला एका माणसाएवढीच भरतात." दुसरीला म्हटलं की दोनच आहेत, पण जुळी असल्यामुळे चार दिसतात. तिनं फोन ठेवला. शेवटी जंगलाच्या गेटाजवळच्या एका रिसॉर्टवाल्यानं "या हो, करू ॲडजस्ट" म्हटलं, आणि आम्ही माझ्या जुन्या सात सीटच्या गाडीत निघालो.

तिथं पोचलो तर काउंटरवरचा म्हणे, दोन खोल्या. दोन लेकरं बापासोबत, दोन तुमच्यासोबत. एका खोलीत चार नाहीच. हे ऐकून चिऊनं प्रज्ञाचा कुर्ता असा पकडला की शिवण उसवली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती पकडून उभी. विलास तिच्याकडे पाहत राहिला, मग मला म्हणाला, "दादा, चल इथून."

"कुठी?"

"कुठीबी. पण इथी नाई."

भर दुपारी निघालो. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटून आमच्यासोबत येत होतं. चंद्रपूर गेलं, गोंडपिपरी गेलं. कुठं जायचं हे गाडीतल्या कोणालाच माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवा. आष्टीला चहाला थांबलो. टपरीवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, मुलचेऱ्याच्या पुढे बंगाली लोकांचं गाव आहे, तिथं एक मावशी रस्त्याच्या कामावर येणाऱ्या लोकांना खोली देते, जेवण पण करते. फोन नंबर? "नंबर-बिंबर नाई भाऊ. जा अन् आवाज द्या."

ऊन उतरताना पोचलो. केळी, शेवगा, मागे बोडी, म्हणजे घरामागचं तळं. या लोकांचं घर तळ्याशिवाय होत नाही, मासे घरचेच. फाटकाशी मावशी उभीच होती. पदर कंबरेला खोचलेला, हातात पितळी तांब्या. मी तोंड उघडायच्या आधी म्हणाली,

"एसो, एसो. इतका उशीर? आलं ना चारही?"

मला वाटलं टपरीवाल्यानं कोणाच्या तरी हातून निरोप पाठवला असेल. मी म्हटलं, "मावशी, खोली पाहिजे होती."

"खोली तयार आहे. तुमचा बाई पाहून गेला ना."

मावशी लहानपणापासून इकडे वाढलेली, पण मराठी बोलताना तिच्या बायका येतो आणि पुरुष येते. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. "कोणती बाई?" मी विचारलं.

"लेकरांचा आई. मागच्या बाजाराला आला होता. सकाळी."

मागच्या बाजाराला, म्हणजे आठवड्यापूर्वी, आम्ही रिसॉर्टवाल्याशीसुद्धा बोललो नव्हतो.

बायकोनं माझ्या दंडाला चिमटा काढला, लेकरं ऐकत होती. मी हसलो. माझ्याकडे हसण्याचा साठा भरपूर. म्हटलं, मावशी दुसऱ्याच कुठल्या पार्टीबद्दल बोलून राह्यली, फुकटात तयार खोली मिळते तर घ्या.

खोली मोठी, नवीन पत्रे, सारवलेली जमीन. एका लायनीत चार गाद्या अंथरलेल्या, मधे बोटभर फट नाही. मावशी बोलत होती, "तो म्हटला, माझे चार अलग झोपत नाही. लहानीला भिंतीकडे नको, मधे टाका, तिच्या पाठीला कोणी लागते. एक मुलगा अंडा खात नाही, त्याला डाल द्या. आणि..." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि फस्सकन हसली, "मोठा भाऊ खूप घोरते, त्याला तिकडे गाईच्या बाजूला खाट टाका."

सम्यक अंडं खात नाही. आणि माझ्या घोरण्याबद्दल... जाऊ द्या, गाईनं तक्रार केली नाही.

एवढ्यात प्रज्ञानं माझ्या बायकोला हाक मारली. "मोठी आई, इकडं पाहा ना."

दाराच्या आतल्या कडीला चिंधी गुंडाळली होती. घट्ट, दोन वेढे, वर गाठ. न्हाणीच्या दाराला तशीच. खिडकीला तशीच. आता ज्यांनी अंगणवाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान पोरं आतून कडी लावून घेतात आणि मग त्यांना उघडता येत नाही. सुनंदाच्या अंगणवाडीत एकदा एक पोरगं तसं अडकलं होतं. तेव्हापासून ती जिथं जाईल तिथं, लग्नाच्या मांडवाची खोली असो की पाहुण्यांचं घर, आधी सगळ्या आतल्या कड्यांना चिंधी बांधायची. आम्ही चिडवायचो, "सुनंदा, विमानात बसली तर त्याच्याही दाराले बांधशीन."

"हे कोणी बांधलं?" बायकोनं मावशीला विचारलं.

"तोच. माझ्याकडून जुना साडी मागितला, फाडला, बांधला. मग मागे गेला, तळं पाहिला. म्हटला, मावशी, इथं कुंपण करा, लहानी पाण्याकडे पळते. आमचा बुढ्ढा दुसऱ्या दिवशी बांबू तोडला."

मागे जाऊन पाहिलं. बोडीभोवती कमरेएवढं बांबूचं कुंपण, बांबू अजून हिरवे.

विलास मावशीजवळ गेला. त्यानं मोबाइल काढला, त्यातला फोटो मावशीपुढे धरला. फोटोत सुनंदा अंगणवाडीच्या पायरीवर बसली आहे, कडेला पोरांचा घोळका. मावशीनं पदरानं स्क्रीन पुसली, डोळ्याजवळ नेली.

"हो, हेच. पण आता बारीक झाला आहे ना? मी म्हटलं, भात खा, इतका धूप मधून आला. तर म्हणे, लेकरं येतील तेव्हा खाऊ घाला. पाणी पण नाही घेतला." मग जरा रागानंच विलासला म्हणाली, "बायकोला बराबर खायला देत जा."

विलासनं मान हलवली. "हो मावशी," म्हणाला. "देतो."

कोणीच तिला सांगितलं नाही. कसं सांगणार? लेकरं समोर.

चिऊ कधी त्या गाद्यांवर जाऊन पडली आम्हाला कळलंच नाही. बाकीची तिघं बाहेर केळी मोजत होती, आणि ती एकटी, मधल्या जागेवर, हात-पाय पसरून गाढ झोपलेली. दिवस मावळायच्या आधी. वर्षभरात पहिल्यांदा एकटी. माझी बायको उंबऱ्यात बसून तिच्याकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "ते फ्रॉक विलासच्या घरी, प्रज्ञाच्या कपाटात ठेवून देईन. चिऊ तिथंच राहू दे." तिला काय सोडावं लागत होतं ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर लेकरांना सांगायचं ठरलं होतं. मावशीनं लुची आणि बटाट्याची भाजी केली, संघर्षनं त्या पुऱ्या इतक्या खाल्ल्या की कढई घाबरली. खाऊन चौघं ओळीनं बापासमोर येऊन बसली, जणू त्यांना वास लागला होता. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, काही सांगणार होते ना तुम्ही?"

विलास उठला आणि तळ्याकडे गेला. मी मागून गेलो. मावशी तिथं भांडी घासत होती. तो कुंपणाला धरून उभा राहिला.

"मावशी, तिनं अजून काय म्हटलं?"

"लेकरांना एका जागी ठेवा. हे दोनदा म्हटला. जाताना फाटकातून वापस आला अन् पुन्हा म्हटला. म्हणून तर मला याद राहिला."

"अन्... माझ्याबद्दल?"

मावशी राखेचा हात तसाच धरून आठवू लागली. खोटं बोलावं हे तिला सुचलं नाही, बिचारीला कारणच माहीत नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल काही नाही बोलला."

विलास परत आला. लेकरांना म्हणाला, "हे सांगणार होतो का आपण घरी गेल्यावर अंगणात झोका बांधू." बस्स. वसतिगृहाला 'नाही' कळवलं, वर्ध्याला 'नाही' कळवलं. आता त्यानं साहेबांच्या हाता-पाया पडून फक्त दिवसपाळी मागून घेतली आहे, कमी कामाची, कमी मानाची. माझी बायको सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे असते. मी जेवायला तिकडेच जातो. चौघं एकाच खोलीत झोपतात.

आता तुम्ही म्हणाल, सुनंदा जिवंतपणी कधी तिथं गेली असेल. ती खोलीच दिवाळीनंतर बांधलेली, सुनंदा पावसाळ्यातच गेली. म्हणाल, दुसरी बाई असेल, तिलाही चार लेकरं असतील. असेल. मी नंतर दोनदा मुलचेऱ्याला जाऊन मावशीला विचारलं, चार लेकरांची दुसरी कोणती पार्टी आली का? नाही आली. टपरीवाल्याला गाठलं, तो म्हणे मी कोणाला काही कळवलं नाही. मग आष्टीला आम्ही थांबणार, तेही रिसॉर्टवरून निघाल्यावर, हे आठवडाभर आधी कोणाला ठाऊक? डोकं लावून-लावून माझे उरलेले केसही गेले. स्पष्टीकरण नाही.

आणि खरं सांगू, मला ते नकोच आहे. मला अडचण दुसरीच आहे. विलास अजूनही जेवता-जेवता मधेच थांबतो आणि विचारतो, "दादा, सगळ्याईचं विचारलं तिनं. तुह्या घोरण्याचंबी सांगून गेली. मले काऊन नाई विचारलं?"

तुमच्यापैकी कोणाला याचं उत्तर सुचलं तर लिहा. फक्त जरा त्याला बरं वाटेल असं लिहा.