हात लावायचा नाही

उजवा तळहात पुढे करून तो म्हणायचा, "हात नको लावू हां. बाद होतलय." म्हणजे, मी बाद होईन. समोरचा बिचारा फार तर त्याचा रॉकेलचा डबा दोन पायऱ्या धरू पाहत असायचा. पण नाही म्हणजे नाही.

हा नियम मुळात समुद्रातला. लांब पल्ल्याचं पोहायचं तर पोहणाऱ्याने सोबतच्या होडीला हात लावायचा नाही आणि होडीतल्या कुणी त्याला लावायचा नाही. लागला की बाद. याने तो नियम जमिनीवर आणून ठेवला होता. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. फार दमवतात ही माणसं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं अंधेरीत एका चाळीत राहायचो आणि एकाच कचेरीत पाण्याची बिलं लिहायचो. दिवसभर लोक भांडायला यायचे, नळाला पाणी नाही म्हणून. घरी यावं तर आमचाही नळ कोरडा. जिना चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून आई गं म्हणायचो. तो थांबायचा नाही, आणि दमलो असं एकदाही म्हणायचा नाही. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो.

त्याच्या बायकोला दमा होता. एका दुपारी श्वास लागला. टॅक्सी मिळून हॉस्पिटल गाठेपर्यंत ती गेली होती. तिला परत आणली तेव्हा आम्ही चाळीतले पुढे झालो, तर याचा तळहात वर. "कोणी हात नको लावू." तीन मजले त्याने तिला एकट्याने उचलून नेली. आम्ही मागून रिकाम्या हातांनी चढत होतो.

तेव्हापासून त्याची झोप गेली. कचेरीत टेबलाशी समोरासमोर बसायचो, त्याचे डोळे बघवत नसत. मूळचा मालवणकडचा, पोहायला लहानपणीच शिकलेला. पन्नाशीला आलेला हा गृहस्थ रविवारी वेसाव्याला जाऊन समुद्रात पडायला लागला. मी म्हटलं, "वेडा झालास काय?" तर म्हणाला, "पोहलंय की त्या रात्री डोळो लागता रे."

तिथल्याच गावठाणात एक निवृत्त नर्स राहायच्या. घराच्या पुढच्या खोलीत त्या फुकट दवाखाना चालवायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी याला गाठलं. "नुसता कशाला पोहतोस? माझ्याकडे ऑक्सिजनचं सिलिंडर नाय. असतं तर तुझी बायको टॅक्सीची वाट बघत बसली नसती. त्याच्यासाठी पोह, लोक देतील."

ठरलं. मार्व्यापासून मढला वळसा घालून वेसाव्यापर्यंत. लोकांनी कबूल केलं, पुरं केलंस तर देऊ.

थंडीतली सकाळ होती. अंगभर ग्रीस चोपडून तो पाण्यात शिरला आणि मी एका नाखवाच्या होडीत बसलो. माझं काम एकच. लांब बांबूच्या टोकाला मग बांधला होता, त्यातून त्याला पेज द्यायची. म्हणजे हात लागायला नको. पहिल्या वेळी त्याने उभ्या उभ्या पाय मारत पेज प्यायली आणि म्हणाला, "मीठ कमी पडलाहा." सगळा अरबी समुद्र नाकातोंडात जातोय आणि याला मीठ कमी! नाखवा हसून हसून वल्हं विसरला.

दुपारपर्यंत विनोद संपले. पेज तो अर्धी सांडायला लागला. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा ओहोटीचं पाणी त्याला बाहेर ओढत होतं. किनारा समोर होता. वाळत घातलेले बोंबील दिसत होते, सिस्टरची छत्री दिसत होती. तो हात मारत होता आणि छत्री काही जवळ येत नव्हती.

"आता घ्या त्याला वर," नाखवा म्हणाला.

मी वाकलो. तळहात वर आला. "बाद होतलय."

मग तो एकदा पाण्याखाली गेला. वर आला तेव्हा तोच हात पुन्हा पुढे आला आणि त्याने होडीची कड पकडली.

"दमलंय रे," तो म्हणाला. "धर."

मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

नाखवाने तोंड दुसरीकडे फिरवलं. "मी काय बगितला नाय. जरा दम खाऊ दे, मग सोडा त्याला." मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याही मनात तेच होतं. सिलिंडर तिथे समोर, छत्रीखाली उभं होतं म्हणा ना.

त्याने मान हलवली. "मी धरलंय ना. घे वर."

किनाऱ्यावर त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, बाद झालो. सिस्टर करवादल्या, "मेला असतास तर सिलिंडर काय चाटलं असतं मी?" आणि टॉवेल माझ्या अंगावर फेकला. मी त्याची पाठ पुसायला लागलो. त्याने पुसू दिली. थोड्या वेळाने, वाळूकडे बघत म्हणाला, "जिन्यातच दमलो होतो रे मी. तिला नेताना." आणि रडायला लागला. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

काहींनी तरीही पैसे दिले. काहींना सुटलो असं झालं असावं. बऱ्याच दिवसांनी एक जुनं सिलिंडर आलं, रंग उडालेलं. कितीजणांच्या उशाशी ते उभं राहिलं. तो पुन्हा लांब पोहला नाही, पण जिन्यात मजल्या-मजल्यावर माझ्याबरोबर थांबायचा. कधी माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. शेवटी त्याच्या उशाशीही तेच सिलिंडर होतं. मी स्टुलावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला आम्ही चौघे वाकलो आणि माझा हात अडला. मी तळहात वर येण्याची वाट बघत होतो.

"अरे, धर ना," मागून कुणीतरी म्हणालं.

मग धरलं.