साडूंची खारी झोप

दुष्काळात पाण्यावर पडून झोपणारा माणूस अख्ख्या भूम तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. ते गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. बोलायला बसले की समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरायची. पण त्या वर्षी चाऱ्यावाचून गावातल्या म्हशी एकेक करून बाजारात गेल्या, पहाटेची दुधाची रांग तीन माणसांवर आली आणि साडूंची झोपच उडाली. "गुरुजी, डोळा मिटला की म्हशी रेकत्यात हो," मला म्हणाले. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

अशात त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात लोक अंधाऱ्या बंद टाकीत, मिठाच्या पाण्यावर तरंगत पडतात आणि स्वतःला शोधतात. झालं! सोसायटीनं मोडीत काढलेली पत्र्याची टाकी अंगणात आली. गावाच्या पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून जनावरंही तोंड फिरवतील अशा मचूळ विहिरीचं पाणी आणलं, वर पोत्यांनी मीठ ओतलं. झाकणाला श्वासापुरती भोकं पाडली. पहिल्या दिवशी स्वारी लंगोट लावून आत गेली आणि आतूनच ओरडली, "गुरुजी, मला काय बी ऐकू येत न्हाय! तुमाला येतंय का?" असा मौनी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आवाज बंद. आमच्या मेव्हणीबाईंनी झाकण उचलून पाहिलं, तर कान पाण्यात, तोंड उघडं, घोरणं सुरू. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "सेक्रेटरी कुठं?" बाई कुजबुजल्या, "आत हायत. लई शांत झाल्यात, आवाज करू नका." एवढं पुरलं. सेक्रेटरींनी पावसासाठी जिवंत समाधी घेतली, असं गावभर झालं! नारळ आले, हळदीकुंकू आलं, हलगी आली. टाकीभोवती ही गर्दी. हलगीच्या दणक्यानं पत्रा थरथरला तसं झाकण उघडलं, आणि मिठानं पांढरेफटक पडलेले साडू लंगोटावर उभे राहून म्हणाले, "कुणाचं लगीन हाय?"

गाव हसलं, मीही पोट धरून हसलो. एक म्हातारी तेवढी हसली नाही. तिची शेवटची म्हैस दाव्याला होती, दुसऱ्या दिवशी बाजारात जायची. ती पुढं आली नि म्हणाली, "बाबा, आत पाऊस दिसला का रं?" जन्मात न अडखळलेले साडू अडखळले. मग हळूच म्हणाले, "दिसला, आई. येतोय. म्हस इकू नगा." घरच्या गंजीतला उरलासुरला कडबाही त्यांनी तिच्याकडं पोचवला.

त्यानंतर ते टाकीत उतरले नाहीत. मी म्हटलं, "अहो साडू, कशीबशी झोप लागत होती, जा की आत." तर म्हणाले, "आता कशाची झोप? शब्द देऊन बसलोय." आणि टाकीच्या बंद झाकणावर मांडी घालून आभाळाकडं बघत बसले. किती दिवस बसले, काय सांगू! त्यांच्या जागी मी असतो तर खरं बोलून मोकळा झालो असतो, आणि गाढ झोपलो असतो.