घोटे चिकटले त्या दिवशी

सहदेव तावडे मरोळला फिटर. आमच्या दहिसरच्या चाळीत कुणाचं दार घासलं, कपाट डुगडुगलं, की यालाच हाक. आपल्या मापाचा भारी अहंकार. बायको प्रेमा म्हणायची, "ह्यांना भाकरीपण मोजून लागते!"

त्याची सई अकरा वर्षांची होती, तेव्हा चालताना तिचे गुडघे एकमेकांवर आपटायचे. गुडघे जुळवून उभी केली की घोट्यांमध्ये चार बोटं जागा राहायची. डॉक्टरांनी ऑपरेशन करून दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या. ती बाजू वाढायची थांबेल, बाहेरची वाढत राहील, पाय सरळ होतील. पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आणि पाय सरळ झाले की पट्ट्या काढून घ्यायच्या, असं त्यांनी बजावलं होतं.

सहदेव दर रविवारी सईला उभी करून बोटांनी मोजायचा. चार, तीन, दोन. गणपतीच्या तोंडावर घोटे चिकटले आणि त्याने चाळभर पेढे वाटले. मग गाव, मग सहामाही परीक्षा, डॉक्टरांकडे जाणं राहूनच गेलं. पट्ट्या काढायचं मी विचारलं तर म्हणाला, "मे महिन्यात काढू रे. मी मोजतोय ना!" मी गाढवासारखी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून स्वतःवरच राग येतो.

दर रविवारी माप शून्य. घोटे एकदा चिकटले की चिकटलेलेच राहतात, पाय मात्र उलट्या बाजूला वळू शकतात, हे त्या मापवाल्याच्या डोक्यात आलंच नाही. सई तेवढ्यात वयात आली होती, सलवार घालायला लागली होती. गुडघे कुणाला दिसत नव्हते.

मे महिन्यात मीही सोबत गेलो. सईचे घोटे जुळलेले होते आणि गुडघ्यांमध्ये तीन बोटं फट. डॉक्टर म्हणाले, "पट्ट्या काढतो. पण मुलगी वयात आलीय, पाय परत वळवण्याइतकी हिची वाढच उरलेली नाही. आता हाड कापूनच सरळ करावं लागेल."

सहदेव एकदम मालवणीवर आला. "सायबा, चेडू ल्हान आसा माजा. जरा तरी वाढात ना?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. प्रेमा पदरात रडत होती.

सईनेच बापाचा हात धरला. "बाबा, तुमचं माप चुकलं नव्हतं हो," ती म्हणाली, "बघा ना, घोटे अजून चिकटतायत."