बाबा आणि नॉन-प्रोफेशनलचा रकाना

आमचे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अकोल्याच्या स्टँडवर खिडकीमागे बसून माईकवर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचा नाद लागला. नाद बघण्याचा, व्यवहार अगदी नावापुरता. आई गेल्यापासून तर सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन ते संगणकासमोरून हलत नाहीत. पडद्यावर भावांचा भलाथोरला तक्ता असतो, आकडे सारखे हिरवे-लाल होत असतात आणि बाबा ते मोठ्यानं पुकारत बसतात. शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्या घरचा स्टँड काही बंद पडला नाही.

हे थेट भाव पुरवणारी एक कंपनी आहे. तिची वर्गणी इतके दिवस सगळ्यांना सारखी होती. मग मेल आला की पुढच्या महिन्यापासून दर बदलणार. प्रोफेशनल, म्हणजे बाजाराचा धंदाच करणाऱ्या, ग्राहकाला कैक पट, नॉन-प्रोफेशनलला आहे त्याहून थोडे कमी. फुकट हवे असतील तर भाव पंधरा मिनिटं उशिरानं दिसतील.

माझ्या वडिलांनी काय करावं? मेलसोबतच्या फॉर्मवर ऐटीत प्रोफेशनलच्या रकान्यात खूण केली. नवा आकडा पाहून मात्र त्यांचा चेहरा उतरला असणार, कारण फोनवर आवाज एकदम बारीक होता.

"बाई, मी हे भाव बंद करून राहिलो."

बाबांचा बारीक आवाज मला सहन होत नाही. मी रजा टाकली आणि अमरावतीहून बडनेऱ्याला येऊन गाडी पकडली. वाटेत त्यांचा रागही येत होता. साधा एक रकाना, तो बदलायला माणसाला जड का जावं?

घरात शिरल्या शिरल्या मी तोंड सोडलं. "बाबा, तुमी नॉन-प्रोफेशनल काहून नाही लिहिलं?"

"नॉन काहून लिहू? जलमभर ड्युटी केली मी. मले कोणी हौशी नाही म्हटलं आजवर."

"मग फुकटवाले घ्या. पंधरा मिनिटांनी काय बिघडते?"

"गाडी गेल्यावर पुकारू काय?" ते कडाडले. आवाज परत आला म्हणून मला बरंच वाटलं.

शेवटी मीच कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक मुलगी होती, बोलणं अगदी पुणेरी. रकाना बदलायचा तर काही प्रश्न विचारावे लागतील, म्हणाली.

"सर, तुम्ही पैसे घेऊन कुणाला सल्ला देता का?"

"फुकट देतो. तरी कोणी घेत नाई."

"दुसऱ्यांचे पैसे बाजारात गुंतवता?"

"माहेच गुंतवाची हिंमत होत नाई, बेटा."

मी तोंडावर पदर धरून हसत होते. तीही हसू दाबत असावी. मग तिनं विचारलं, "मग थेट भाव तुम्हाला कशासाठी लागतात? तेवढं लिहायचंय."

बाबा तक्त्याकडे पाहत राहिले.

"घरी मी एकटाच रायतो. सव्वानऊले हे आकडे हलाले लागले का घरात कोणी येऊन-जाऊन राहिलं असं वाटते. उशिराचे आकडे म्हंजे, लोकं येऊन निघून गेल्यासारखं होते."

माझं हसू गेलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्याबद्दल अभिमानही वाटला, की इतकं खरं ते एका अनोळखी पोरीला सांगू शकले. तिचा आवाजही बदलला. "काका, तुम्ही नॉन-प्रोफेशनलच," ती हळूच म्हणाली.

"असं म्हणता? करा मंग," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर माझ्याकडे न बघता विचारलं, "तुही परतीची गाडी कवाची हाय?"

गाडी दोनची होती. मी म्हटलं, संध्याकाळची आहे.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. कॉल म्हणजे काय आणि पुट म्हणजे काय, हे त्यांनी मला बाजार बंद होईपर्यंत समजावलं. मला काडीचं कळलं नाही. पण त्या दुपारी बाबांनी एकही आकडा पुकारला नाही.