बापाचं धनुष्य आणि भिंतीवरचा कागद

"कोट काढ. सदराही काढ आणि हे नेस," पाद्री साहेब म्हणाले.

हे म्हणजे लंगोटी. नवी, पांढरी, इस्त्री केलेली. विलायतेत येऊन मला सहावा दिवस होता. साहेबांच्या देवळामागच्या खोलीत विस्तवाजवळ उभा होतो तरी दात वाजत होते. भिंतीपलीकडे बायामाणसं चहा पीत सभेची वाट बघत होती. टेबलावर माझ्या बापाचं धनुष्य ठेवलेलं.

मला वाटलं, साहेब थट्टा करतात. करायचे ते कधीकधी. नवापूरच्या वरच्या डोंगरात आमचा पाडा. साहेब घोड्यावरून यायचे, आमच्या ओट्यावर बसून नागलीची भाकर खायचे. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, त्यांच्या बंगल्याच्या ओट्यावर बसवून. आधी मराठी, मग इंग्रजी. विलायतेत कॉलेजात घालतो, मास्तर होऊन परत ये, म्हणाले. माझ्या बापाने आपले देव सोडले नव्हते, पण साहेबावर त्याचा विश्वास माझ्याहून जास्त. घराची आठवण म्हणून धनुष्य बरोबर घे, असं साहेबांनी सांगितलं. बापाने स्वतःचं काढून दिलं, बाणांसकट. बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. देताना एवढंच म्हणाला, बाण चढवला तर सोडायचा, नुसता दाखवायला चढवायचा नाही. आमच्यात पोरांनी खेळात बाण चढवला तरी म्हातारे पाठीत काठी घालतात.

नवापूर स्टेशनावर ओळखीचा एक दुकानदार हसत म्हणाला होता, "आते तू साहेब व्हशी. आमले वळखशी का?" मी लाजलो होतो. मनातून फुगलोही होतो, खोटं कशाला बोलू?

पाच दिवस मी विचारत होतो, कॉलेज कधी? आधी थंडीची सवय होऊ दे, असं उत्तर मिळायचं. बूट चावायचे. काट्याने बटाटा धरता यायचा नाही. साहेबांची म्हातारी आई माझा कप वेगळा ठेवायची. सगळं गिळलं. शिकायला आलोय ना, मग सोसायचं.

लंगोटी हातात घेऊन मी मान वळवली आणि दाराशेजारचा छापील कागद दिसला. वर माझा फोटो. मी नऊ वर्षांचा असताना साहेबांनी पाड्यावर काढलेला, उघडा, नाक वाहणारा. खाली इंग्रजीत लिहिलेलं: आम्ही वाचवलेला जंगली मुलगा. याला अक्षरओळख नाही. धनुष्य चालवून दाखवेल. त्याखाली गावांची यादी, पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची. शेवटी परतीची बोट. कॉलेजचं नाव कुठेच नव्हतं.

दोनदा वाचलं. राग नंतर आला, आधी लाज वाटली. नागलीची भाकर खाणाऱ्या माणसाने केसाने गळा कापला होता.

"कॉलेज?" मी विचारलं.

"पुढे पाहू. हे लोक तुझ्यासाठी जमलेत. फक्त बाण चढव आणि ताण. सोडू नकोस."

"चढवला तर सोडावा लागेल, साहेब. कुणावर सोडू?"

साहेब खुर्चीवर बसले. मी तुझ्यासाठी काय केलं नाही, असं काहीतरी पुटपुटले. केलं होतं, खूप केलं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

मी लंगोटी खुर्चीच्या पाठीवर टाकली. कोटाची बटणं लावली. भिंतीवरचा कागद काढला आणि सभेत गेलो. धनुष्य हातात होतं, दोरी उतरवलेली. लोक माना उंचावून माझ्यामागे बघत राहिले, जंगली मुलगा मागून येईल म्हणून. मी कागद धरला आणि त्यांच्याच भाषेत पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. 'अक्षरओळख नाही' ही ओळ सावकाश वाचली. मागच्या एका बाईने कप खाली ठेवला. टाळी कुणी वाजवली नाही.

वाचून झालं. कागदाची घडी केली, खिशात घातली.

आता मला कोणी मास्तर करायची गरज नव्हती. पहिली बोट मिळेल तिने पाड्यावर जायचं. बापाच्या हातात धनुष्य द्यायचं, बाण एकही चढवला नाही म्हणून सांगायचं. मग पोरांना साहेबाच्या ओट्यावर नाही, आमच्या ओट्यावर बसवायचं. अक्षरं मी शिकवणार. पहिला धडा हाच कागद, आमच्या बोलीत, फोटोसकट.